त्याला ग्रीस घाल

बेळगावात आमच्या खासबागेत माझं घर शोधायचं असेल तर नाव सांगून उपयोग नाही. 'स्पेनवाल्याचं घर' म्हणा, कुणीही दारात आणून सोडेल. स्पेनला मी कधी गेलेलो नाही. एकदा हौसेनं पासपोर्ट काढला होता, तो कोराच राहिला आणि मुदत संपून गेली. सांबऱ्याचा विमानतळसुद्धा पाहुण्यांना आणायला आणि सोडायला जाऊन बाहेरूनच पाहिलेला. तरी गेली वीस-बावीस वर्षं मी स्पॅनिशवर पोट भरतो आहे. शेजारच्या सुमनआक्कांनी मला एकदा सरळ विचारलं होतं, "व्हय री, ती भाषा हितं बोलायला दुसरं कोण हाय?" मी म्हणालो, "कुणी नाही." त्या म्हणाल्या, "मग चुकलं तर कळणार कसं?" हा प्रश्न त्या वेळी मी हसण्यावारी नेला. त्याचं उत्तर मला पुढं फार वाईट तऱ्हेनं मिळालं, आणि तेच इथं सांगणार आहे.

निवृत्त झाल्यापासून मी घरीच वर्ग घेतो. पाच-सहा विद्यार्थी असतात. कुणाला जहाजावर नोकरी धरायची असते, कुणाला बेंगळूरला परदेशी गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे असतात. माझ्या घराच्या दोन्ही अंगांना पॉवरलूम आहेत. सकाळी आठला ते सुरू झाले की वर्गात शेजारच्याला शेजारचा ऐकू येत नाही, म्हणून मी ओरडून शिकवतो आणि मुलं ओरडून शिकतात. माझ्या एका विद्यार्थ्याला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साहेबानं विचारलं की तू गिऱ्हाइकांवर चिडतोस का. तो बिचारा प्रेमानं बोलत होता.

मी या भाषेकडे वळलो तो मालकांच्या भूगोलामुळे. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी इंग्रजी पत्रव्यवहार बघायचो. कारखाना उसाचे चरक, म्हणजे क्रशर, बनवायचा. एक दिवस कुठूनसं परदेशी पत्र आलं. इंग्रजी नव्हतं. मालकांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "पोर्तुगीज दिसतंय. तुझी मामी कणकुंबीची न्हवं? तिथनं गोवा हाकेवर. घे, वाच." मी ते पत्र खरंच मामीकडे नेलं. मामीनं चष्मा लावून दोन्ही पानं नीट बघितली आणि म्हणाली, "अक्षर चांगलं आहे रे." तिथनं मी कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमधल्या एका वृद्ध सिस्टरकडे गेलो. तिची उमेदीची सारी वर्षं दक्षिण अमेरिकेतल्या खेड्यांत गेली होती. तिनं सांगितलं, हे पोर्तुगीज नाही, स्पॅनिश आहे, यांना उसाचे चरक पाहिजेत, आणि तू उद्यापासून ये.

सिस्टरची शिकवण्याची पद्धत म्हणजे हुकूम. पुस्तक नाही, फळा नाही. खुर्चीत बसून ती सांगायची आणि मी पळायचो. 'त्राइगामे आग्वा', मला पाणी आण. 'आब्रामे ला पुएर्ता', मला दार उघडून दे. 'एचेले आग्वा', त्या झाडाला पाणी घाल. वर्षभरात मी स्पॅनिश किती शिकलो माहीत नाही, पण तिची बाग अशी फुलली की जाणारे-येणारे थांबून बघायचे.

या भाषेत एक गंमत आहे, ती बाहेरच्या माणसाला समजावून सांगतो, कारण माझा सगळा धंदा तिच्यावर उभा आहे. ज्याच्यासाठी काम करायचं, ज्याला काही द्यायचं किंवा सांगायचं, तो माणूस त्या भाषेत क्रियापदाच्या शेपटीला चिकटतो. 'मे' म्हणजे मला, 'ले' म्हणजे त्याला, तिला किंवा तुम्हाला. 'दीगा' म्हणजे सांगा. 'दीगामे' म्हणजे मला सांगा. 'दीगाले' म्हणजे त्याला सांगा. एकच शब्द, एका श्वासात. पुण्याकडच्या माणसाला हे जड जातं, आमच्या बेळगावच्या माणसाला नाही. आम्ही 'सांगा री', 'बसा की री' म्हणताना कानडीतला आदराचा 'री' असाच मागं चिकटवतो, आणि तो नसला तर समोरच्याला वाटतं याला कुणी वळण लावलेलं नाही. हुकूम नकाराचा असला की मात्र तोच 'ले' मागची जागा सोडून क्रियापदाच्या पुढं जाऊन बसतो. 'एचेले', त्याला घाल. 'नो ले एचे', त्याला घालू नको. वर्गात यावर मी दोन दिवस घालवतो, आणि तिसऱ्या दिवशी मुलं पुन्हा चुकतात.

भाषा आली, पण हुकूम देणं मला आलं नाही. मी विणकराच्या घरातला, वरून कारकून. सिस्टरनं मला हुकूम ऐकायला शिकवलं होतं. आमच्याकडे तर पाहुणा पाणीसुद्धा 'जरा पाणी देतासा काय री?' असं प्रश्नात मागतो. हा माझा स्वभाव धंद्यात उपयोगी पडतो असा एक भयंकर गैरसमज निपाणीजवळच्या एका गुऱ्हाळात झाला.

झालं असं की कोलंबियाहून एक व्यापारी आमचे चरक बघायला आला. तिकडे गुळाला 'पानेला' म्हणतात, आणि तो आपल्या गुळाचा सख्खा भाऊ आहे. मी त्याला चालू गुऱ्हाळात नेलं. गुळव्यानं मोठ्या अभिमानानं गरम गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला. पाहुण्यानं तो तोंडात टाकला आणि मला म्हणाला, "हा फिका पडलाय. यात काहीतरी घातलंय. साबणासारखा लागतो."

गुळव्या म्हणाला, "काय म्हणतंय त्ये?"

मी म्हणालो, "म्हणतात, असला रंग आमच्याकडं कुणाला जमत नाही."

गुळव्या खूश झाला. "त्यांचा गूळ कसा असतोय इचारा की."

पाहुण्यानं फोनमधला फोटो दाखवला. काळाभोर गूळ. गुळव्यानं तो बघितला आणि म्हणाला, "त्याला सांगा, असला गूळ आमी म्हशीला घालतो म्हणावं."

मी पाहुण्याला म्हणालो, "यांच्या मते तुमच्या गुळात ताकद फार आहे."

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. पाहुण्यानं जाताना मोठी ऑर्डर दिली. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला वाटलं, दुभाषा म्हणून आपल्याला हीच कला साधली आहे. दोन्ही बाजूंच्या बोलण्याला मधेच इस्त्री मारून द्यायची. खरं तर मी दोघांशीही खोटं बोललो होतो, पण त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की परतताना बसमध्ये एकटाच हसत होतो.

त्या ऑर्डरीबरोबर यंत्राचं माहितीपुस्तक स्पॅनिशमध्ये द्यायचं ठरलं. यंत्राची माहिती द्यायला परशराम मिस्त्री माझ्या टेबलाशी आले. चरकाची सगळी जुळणी त्यांच्या हाताखाली व्हायची. कोगनोळीजवळच्या खेड्यातले, वडगावात खोली घेऊन राहायचे, रविवारी गावाला जायचे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. मी त्यांना अण्णा म्हणायचो, ते मला मास्तर म्हणायचे. कपड्यांना तेल असेल म्हणून खुर्चीच्या कडेला बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"लिव. झाकान काढ. ग्रीस घाल. रोज सकाळी, ऊस लावायच्या आदी. काळं ग्रीस भाईर येऊस्तवर घाल. ग्रीस घाटल्याबिगर बटन दाबू नको."

"एवढंच?"

"आनि काय पायजे? ग्रीस घाल म्हंजे घाल."

मी लिहायला बसलो. 'एचेले ग्रासा.' त्याला ग्रीस घाला. दोन शब्द. मी त्यांच्याकडे बघत राहिलो आणि मला लाज वाटली. सातासमुद्रापलीकडचा गिऱ्हाईक, वयानं वडील माणूस असणार, जमीनजुमला असलेला, आणि मी खासबागेत बसून त्याला म्हणणार, घाल? मग मी ते वाक्य माझ्या पद्धतीनं सजवलं. 'सी गुस्ता, पुएदे एचार्ले उन पोको दे ग्रासा.' म्हणजे, आपल्याला आवडत असेल तर त्याला थोडंसं ग्रीस घालू शकता. अख्खं पुस्तक मी असं लिहिलं. आपल्याला आवडत असेल तर झाकण काढू शकता. आपल्याला आवडत असेल तर बोल्ट आवळू शकता. चरकाचं पुस्तक नव्हतं ते, लग्नाची आमंत्रणपत्रिका होती. सिस्टर तेव्हा हयात नव्हती. असती तर तिनं झारी डोक्यात घातली असती.

मिस्त्रींनी जाता जाता विचारलं, "मास्तर, ग्रीसचं घाटलंस न्हवं?"

"घातलंय अण्णा."

यंत्रं गेली. पहिल्याच हंगामात, सुरू होऊन दीड-दोन महिने झाल्यावर, एका संध्याकाळी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मिस्त्री आधीच तिथं उभे होते. मालकांच्या फोनवर कोलंबियाहून व्हिडिओ लागला होता. आपल्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. पत्र्याच्या शेडखाली आमचा चरक, मागं तोडून ठेवलेल्या उसाचे ढीग, आणि पुढं टोपी घातलेला एक म्हातारा शेतकरी, त्या व्यापाऱ्याकडून तो चरक घेतलेला. नाव डॉन एलिसेओ. डॉन म्हणजे तिकडे गुंड नव्हे, आपल्याकडच्या अण्णासारखा मानाचा शब्द आहे. फोन त्यांच्या मुलीनं, मार्लेनीनं, धरला होता. चरक अडकला होता. रूळ फिरत नव्हता. ऊस तोडून दोन दिवस झाले होते आणि तोडलेला ऊस थांबत नाही, हे दोन्हीकडच्या सगळ्यांना माहीत होतं. मार्लेनी म्हणाली, हा ऊस गेला तर आमचं वर्ष गेलं.

मालक म्हणाले, "विचार, ग्रीस घालत होते का?"

मी विचारलं. मार्लेनी आत गेली आणि पुस्तक घेऊन आली. माझं पुस्तक. त्याला त्यांनी प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. तिनं पान उघडून मलाच माझं वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाली, "इथं लिहिलंय, आवडत असेल तर. बाबांना आवडत नव्हतं. ग्रीसचा वास रसाला लागेल असं त्यांना वाटायचं, म्हणून आम्ही घातलं नाही."

केबिनमध्ये आम्ही तिघं होतो आणि ती काय म्हणाली हे तिघांपैकी एकालाच कळलं होतं. सुमनआक्कांचा प्रश्न मला तिथं आठवला. चुकलं तर कळणार कसं?

"काय म्हणते?" मालकांनी विचारलं.

नोकरी जाईल याची भीती होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. ज्या हुशारीवर पाठ थोपटून घेतली तीच उघडी पडणार होती. मी म्हणालो, "घालत होते म्हणतात."

मालक मिस्त्रींकडे वळले. "म्हणजे बुश घट्ट बसवलास तू, परशराम." बुश म्हणजे रुळाचा दांडा ज्यात फिरतो ती धातूची कडी.

मिस्त्री म्हणाले, "मोजून बसवलो मालक." मग त्यांनी फोनकडे हात केला. "माझं मागनं बघा. आदी त्याचं मशीन चालू करूया. मास्तर, मी सांगतो तसं त्याला सांग. मधी काय घालू नको."

त्यांना काही माहीत नव्हतं. ते सहज म्हणाले होते. पण पुढचा दीड तास मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं स्पॅनिश बोललो, कारण त्यात माझं काहीच नव्हतं.

"त्याला झाकान काढ म्हण."

"कीतेले ला तापा."

"बोल्ट ढिलं कर म्हण. चारी."

"आफ्लोखेले लोस तोर्नीय्योस. लोस कुआत्रो."

डॉन एलिसेओंनी अडकलेल्या रुळाकडे बघून घण उचलला. मिस्त्री फोनमध्ये शिरल्यासारखे ओरडले, "मारू नगो म्हण त्याला! मारू नगो!" मीही तसाच ओरडलो, "नो ले पेगे!" आणि त्या घाईतसुद्धा 'ले' आपोआप पुढं जाऊन बसला. म्हाताऱ्यानं घण खाली ठेवला. जुना बुश निघाला, काळाठिक्कर. "डिझेलनं धू म्हण. पॉलिश पेपर मार म्हण. पेटीत दोन जादा बुश दिलोय, त्यातला एक घाल म्हण." मी सांगत गेलो, ते करत गेले. कुणाला राग आला नाही. कुणी म्हणालं नाही की हा कोण कुठला कारकून मला हुकूम देतो. उलट दर वाक्याला म्हातारा मान हलवून 'सी, माएस्त्रो' म्हणायचा. माएस्त्रो म्हणजे मिस्त्री, उस्ताद. ते माझ्यासाठी नव्हतं.

"आता ग्रीस घाल म्हण. काळं भाईर येऊस्तवर."

"एचेले ग्रासा," मी म्हणालो. दोन शब्द.

रूळ फिरला. पहिला रस पडला तेव्हा मार्लेनी फोन हातात घेऊनच नाचायला लागली, त्यामुळे आम्हाला बराच वेळ नुसता पत्रा दिसत होता. डॉन एलिसेओ म्हणाले, "दीगाले ग्रासियास." त्याला धन्यवाद सांगा. एवढं मात्र मी सांगितलं.

यंत्र सुरू झालं म्हणून दोष मिटला नाही. मालकांच्या मनात बसलं की परशरामचा हात आता पूर्वीचा राहिला नाही. त्यांनी मिस्त्रींना जुळणीवरून काढून पॅकिंगला टाकलं. ज्यांनी चरक जोडायचे ते चरकांच्या लाकडी पेट्यांना खिळे मारायला लागले. माझं टेबल खिडकीशी होतं आणि पॅकिंग बरोबर खिडकीखाली. आठ महिने मी ती हातोडी ऐकली. दर सोमवारी ठरवायचो की आज मालकांना सांगायचं. दर शनिवारी ठरवायचो की सोमवारी. आठ महिन्यांनी मिस्त्री वेळेआधीच काम सोडून गावाला गेले. निरोपाचं भाषण करायला मालकांनी मलाच सांगितलं. भाषण फार छान झालं असं सगळे म्हणाले.

पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत मी गुपचूप सगळी वाक्यं बदलली. एचेले, कीतेले, पोंगाले. एकाही गिऱ्हाइकाला राग आला नाही.

मार्लेनी मात्र आम्हाला विसरली नाही. दर हंगामाला तिचा निरोप यायचा. 'दीगाले आल माएस्त्रो', उस्तादांना सांगा, यंत्र छान चालू आहे. उस्तादांना सांगा, बाबा रोज सकाळी स्वतः ग्रीस घालतात. उस्तादांना सांगा, माझं लग्न झालं. आणि दर वेळी मी उत्तर द्यायचो, 'या ले दीखे', त्यांना सांगितलं. सहा वर्षांत मी मिस्त्रींना एकही निरोप पोचवला नाही, कारण एक पोचवायचा तर सगळंच सांगावं लागलं असतं.

यंदाचा निरोप वेगळा होता. बाबा फार थकलेत, डोळे नीट आहेत तोवर त्यांना उस्तादांचा चेहरा बघायचाय. बाबा म्हणतात, 'पोंगामेलो आल तेलेफोनो.' त्यांना मला फोनवर द्या. या शब्दाला दोन शेपट्या आहेत, 'मे' आणि 'लो', मला आणि त्यांना. शिकवायला असला उत्तम नमुना सहसा मिळत नाही, म्हणून मी तो दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिला. यावरून माझ्या मनाची जात ओळखावी.

वर्गात रेणुका नावाची मुलगी आहे, आमच्याच गल्लीतल्या विणकराची. तिनं पॉवरलूमच्या वरताण आवाजात विचारलं, "सर, मग दिला काय त्यांना फोनवर?"

मी म्हणालो, "हे उदाहरण आहे."

"व्हय, पण दिला काय?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी वर्ग लवकर सोडला.

पहिल्यांदा मालकांकडे गेलो, ते सोपं वाटलं म्हणून. आता कारखाना त्यांची मुलं बघतात. मी सगळं सांगितलं. ते झोपाळ्यावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "कुठला रे क्रशर?" त्यांना काही आठवत नव्हतं. मिस्त्रींच्या आठ महिन्यांची किंमत त्यांच्या लेखी एवढीच होती, आणि ती तशी करायला मी मदत केली होती. मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

रविवारी निपाणीची बस धरली, तिथं ती बदलली आणि पुढं कोगनोळीला उतरलो. हायवेच्या कडेला मिस्त्रींची रसवंती आहे. छोटा चरक, दोन बाकं, वर हिरवं कापड. अण्णा वाळले होते, पण हात तसेच. मला बघून म्हणाले, "या मास्तर! आज कुनीकडं चुकलास रं?" आणि न विचारता ऊस लावायला लागले.

मी म्हणालो, "अण्णा, रस नंतर. आधी ऐका." आणि बाकावर बसून सांगितलं. आवडत असेल तर, हे वाक्य. मार्लेनीनं वाचून दाखवलं ते. मी मालकांना काय सांगितलं ते. इस्त्री न मारता सांगितलं.

अण्णांनी हातातला ऊस खाली ठेवला.

"आठ म्हैनं खिळं मारलो रं मी," ते म्हणाले. "घरात बायको इचारायची, काय चुकलं तुमचं? मला बी वाटायला लागलं हुतं, चुकलं आसंल. वय झालं आसंल. हितं आल्यावर बी कितींदा उठून ह्येचं बुश तपासलो मी."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही. अण्णांनी मला रडू दिलं, गप्प राहा म्हणाले नाहीत.

मग म्हणाले, "आता काय लिवलंयस पुस्तकात?"

"एचेले ग्रासा."

"म्हंजे?"

"त्याला ग्रीस घाल."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग तवा एवढंच लिवायला काय झालतं तुला?"

मी म्हणालो, "अण्णा, त्यांचा फोन आहे. तुम्हाला बघायचंय म्हणतात."

मी फोन लावला. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचं नेटवर्क कधी ह्या राज्याचं धरतं, कधी त्या, पण त्या दिवशी लागलं. डॉन एलिसेओ पलंगावर उशीला टेकून बसले होते. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. मग डॉन एलिसेओ हळू आवाजात म्हणाले, "दीगाले..." आणि पुढचं ऐकून मी अण्णांकडे बघितलं.

"काय म्हणतोय एलिसअण्णा?"

"म्हणतात, त्याला सांगा, यंत्र सोन्यासारखं आहे. पण त्याच्याबरोबरचं पुस्तक अगदीच टाकाऊ होतं."

अण्णा हसले. आल्यापासून पहिल्यांदा. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "त्याला सांग, त्ये पुस्तक ह्यानं लिवलंय म्हणावं. सांग."

मी फोनकडे बघितलं. इतकी वर्षं लोकांची बोलणी मधे सजवून दिलेला माणूस मी. मी सांगितलं. पुस्तक मी लिहिलं. चूक माझी होती. त्यांचा हात कधीच चुकला नव्हता. डॉन एलिसेओंनी मला नीट न्याहाळून बघितलं आणि मुलीला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "बाबा विचारतात, तुम्ही स्वतः कधी ग्रीस घातलंय का?"

हे अण्णांना सांगावं लागलं. माझं उत्तरही सांगावं लागलं, की नाही, कधीच नाही.

अण्णा उठले. चरकाच्या मागून ग्रीसगन काढली आणि माझ्या हातात दिली. माझा सदरा पांढरा होता. ते म्हणाले, "घे. घाल त्याला."

तिचं तोंड कुठं लावायचं ते मला कळेना. अण्णांनी माझं मनगट धरून ग्रीस आत जायच्या निपलवर नेलं. मी दाबलं तर ग्रीस माझ्याच बाहीवर आलं. फोनमधून हसण्याचा आवाज आला.

"पुन्यांदा दाब," अण्णा म्हणाले. "जोर लाव. थांबू नको."

मी दाबत राहिलो. हळूहळू पलीकडच्या फटीतून जुनं काळं ग्रीस बाहेर यायला लागलं. अण्णांनी ते बोटानं पुसून बघितलं आणि चिंधीला बोट पुसलं.

"आता ह्या बाजूनं," ते म्हणाले.

मी उठून त्या बाजूला गेलो.